देहाचा जमाखर्च

दक्षिण दिल्लीतील रामकृष्णपुरम् ही मुख्यतः केंद्र सरकारच्या नोकरांची वसाहत. लोकांच्या बोलण्यात तिचे नाव ‘आर. के. पुरम’ एवढेच उरले आहे. पन्नास-साठच्या दशकांत ती वसविली गेली. सेक्टरांचे आकडे, एकाच घडणीची निवासस्थाने, मधली मोकळी जागा आणि सातव्या सेक्टरातील टेकडीवर मुरुगनाचे ‘मलै मंदिर’ अशी तिची ओळख सांगता येईल. बदलीच्या निमित्ताने देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे येथे येऊन राहिली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. प्रत्येक प्रांताने येताना आपली चूल बरोबर आणली. म्हणून सकाळी आठच्या सुमारास येथील एकाच जिन्यावर सांबार, राजमा, मोहरीच्या तेलातली मासळी आणि हिंगाची फोडणी दिलेले वरण या साऱ्यांचे वास एकमेकांत मिसळतात. थोड्याच वेळात डबे भरले जातात आणि माणसे कचेऱ्यांच्या वाटेला लागतात.

डब्यात असते ती पोळी, उसळ, भाजी, भात. संध्याकाळी तोच डबा रिकामा होऊन परत येतो. मधल्या वेळात त्या अन्नाचे काय झाले, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर मिळविण्यासाठी मनुष्यजातीला अनेक शतके खर्च करावी लागली आणि त्या उत्तराच्या एका मोलाच्या भागावर एका मराठी स्त्रीचे नाव कोरलेले आहे. सरकारी वसाहतीला जमाखर्चाची भाषा परिचयाची असते. देहाचा व्यवहारही त्याच भाषेत समजावून घेता येतो. मात्र या खतावणीत खोटी नोंद चालत नाही.

प्रथम हा संसार कोणाचा आहे, ते पाहिले पाहिजे. देह असंख्य पेशींचा बनलेला आहे. परंतु पेशी विटांप्रमाणे नुसत्या एकावर एक रचलेल्या नसतात. एकाच कामासाठी घडलेल्या पेशी एकत्र येऊन जो समुदाय करतात, त्यास ऊतक म्हणतात. मानवी शरीरात अशी ऊतके मुख्यतः चार प्रकारची आहेत. पहिले अभिस्तर ऊतक. देहाचे बाहेरचे आवरण आणि आतील पोकळ्यांचे अस्तर त्याचेच असते. त्वचेचा वरचा थर, तोंडाचा आतला मऊ भाग, आतड्याची आतील बाजू ही सारी त्याची उदाहरणे. दुसरे संयोजी ऊतक, म्हणजे जोडणारे आणि आधार देणारे. हाडे, कूर्चा, स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे आणि चरबी यांचा त्यात समावेश होतो. प्रवाही असलेले रक्तही शास्त्रज्ञ याच वर्गात घालतात. तिसरे स्नायु-ऊतक. आकुंचन पावणे हे त्याचे एकमेव काम. हात उचलणे, आतड्यातील अन्न पुढे ढकलणे आणि हृदयाचा अखंड ठोका ही तिन्ही कामे तीन वेगवेगळ्या जातींचे स्नायू करतात. चौथे मज्जा-ऊतक. संदेश घेणे, पोहोचविणे आणि त्यांचा अर्थ लावणे हे त्याचे काम होय.

या चारही ऊतकांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाहेरून देह जरी तोच दिसत असला, तरी आत सतत मोडतोड आणि बांधकाम चालू असते. आतड्याच्या अस्तरातील बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत झडून जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. रक्तातील तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. शरीराला दर सेकंदाला अशा सुमारे वीस लाख नव्या पेशी घडवाव्या लागतात. श्रोत्यांनी हे वाक्य ऐकेपर्यंतच्या काळात त्यांच्या अस्थिमज्जेतून कोटभर तरी नव्या पेशी बाहेर पडल्या असतील. तेव्हा अन्नाची गरज दुहेरी आहे. एक, चाललेल्या कामासाठी इंधन, आणि दुसरी, चाललेल्या बांधकामासाठी माल. या दोन खात्यांची गल्लत झाली की आहाराचा सारा विचारच चुकतो.

आता पोळीचा तुकडा तोंडात गेला असे धरू. चघळताना त्यात लाळ मिसळते आणि लाळेतील विकर पिष्टाचे लांबलचक रेणू तोडू लागते. पोळी पुष्कळ वेळ चावली तर ती गोडसर लागते, याचे कारण हेच. जठरात तीव्र आम्ल आणि पेप्सिन नावाचे विकर उसळीतील प्रथिनांचे तुकडे करू लागतात. तेथून पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस आणि यकृताकडून आलेले पित्त यांची भर पडते. पित्तामुळे तुपातेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि मग त्यांचे पचन सुलभ होते. अखेरीस पिष्टाची साधी शर्करा, प्रथिनांची अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थांची मेदाम्ले बनतात. लहान आतड्याची आतील बाजू मखमलीसारखी असते. तिच्यावर अगणित सूक्ष्म रसांकुर असतात आणि त्यांच्या योगाने शोषणाची जागा पुष्कळ पटींनी वाढते. याच ठिकाणी अन्न खऱ्या अर्थाने देहात प्रवेश करते. तोपर्यंत ते पोटात असले, तरी देहाच्या उंबरठ्यावरच असते.

सरहद्द ओलांडताच जमेच्या बाजूला नोंदी होऊ लागतात. आलेल्या शर्करेपैकी काही ताबडतोब खर्च होते. काही ग्लायकोजेन या रूपाने साठविली जाते, सुमारे शंभर ग्रॅम यकृतात आणि तीन-चारशे ग्रॅम स्नायूंत. ही झाली हाताशी ठेवलेली रोख रक्कम. ती दिवसभर पुरते न पुरते. यापेक्षा अधिक जे येते, ते चरबीच्या रूपाने दीर्घ मुदतीच्या ठेवीत पडते. एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनातून सुमारे चार उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धातून नऊ. कमी वजनात अधिक शक्ती साठविता यावी, म्हणून निसर्गाने ठेवीसाठी चरबीची निवड केली आहे. आहारशास्त्रातील एक उष्मांक म्हणजे एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास लागणारी उष्णता.

परंतु पोळीत उष्णता आहे, म्हणजे नेमके काय? पोळी काही पोटात जळत नाही. या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर फ्रान्समध्ये 1780 नंतरच्या दशकात मिळाले. लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. किती बर्फ वितळले आणि त्या प्राण्याने किती कर्बवायू सोडला, हे त्यांनी मोजले. तितकाच कर्बवायू देणारा कोळसा जाळल्यास किती बर्फ वितळते, तेही त्यांनी पाहिले. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. तेव्हा श्वसन म्हणजे संथ गतीने होणारे ज्वलनच, असा त्यांनी निष्कर्ष काढला. भारतीय वैद्यकाने ज्याला जठराग्नी म्हटले, त्या कल्पनेशी हा निष्कर्ष सकृद्दर्शनी जुळतो. मात्र हा अग्नी एकट्या जठरात नसून जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे आणि त्याला ज्वाला नाही, ही पुढच्या संशोधनाची भर होय.

ज्वाला का नाही, हे समजण्यास आणखी सव्वाशे-दीडशे वर्षे जावी लागली. सरपणाला काडी लावली की सारी उष्णता एकदम बाहेर पडते. पेशी तसे करीत नाही. ती अन्नातील शक्ती पायरी-पायरीने उतरवून घेते. अन्नाच्या रेणूंतून सुटलेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे सोपविले जातात आणि शेवटी प्राणवायूला मिळतात. या देवघेवीत सुटणाऱ्या शक्तीचा बराच भाग एटीपी नावाच्या रेणूत बांधून ठेवला जातो. हा रेणू म्हणजे देहातील चलनी नाणे. ते साठवून ठेवता येत नाही, केवळ फिरत राहते. इतके वेगाने फिरते की, एका दिवसात वापरून पुन्हा घडविलेल्या एटीपीचे एकूण वजन सुमारे माणसाच्या स्वतःच्या वजनाइतके भरते. इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा म्हणजे सायटोक्रोम-सी. त्याच्या केंद्रस्थानी लोखंडाचा एक अणू असतो. सायटोक्रोमांचे श्वसनातील कार्य केंब्रिज येथे डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये उजेडात आणले.

याच केंब्रिजमध्ये पुढे कमला भागवत ही मराठी तरुणी येऊन पोहोचली. तिचा जन्म 1911 मधला. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मराठी साहित्यात आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुर्गाबाई भागवत तिच्या थोरल्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी 1933 मध्ये मिळवून तिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ती स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. तिने हा नकार मानला नाही. अखेर अटी घालून, वर्षभर पारखून पाहण्याच्या बोलीवर, तिला प्रवेश देण्यात आला. तेथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तिने दुधातील व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. भारतीय माणसाच्या ताटाशी इतका निकटचा विषय दुसरा कोणता असणार? तिचे काम पाहिल्यावर संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली.

केंब्रिजला तिने वनस्पतींच्या ऊतकांवर काम केले. बटाट्यावर प्रयोग करीत असता तिला वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असल्याचे आढळले. जी साखळी प्राण्याच्या स्नायूत चालते, तिचाच दुवा मातीखालच्या मुक्या कंदातही सापडावा, ही गोष्ट थोर अर्थाची आहे. खाणारा आणि खाद्य यांच्या पेशींतील अग्नी एकाच जातीचा आहे, असा तिचा अर्थ. अवघ्या चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर 1939 मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी ती एक होय. त्याच वर्षी मायदेशी परतून दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात ती जीवरसायनशास्त्राची प्राध्यापिका झाली. पुढे कुन्नूरच्या आहार-संशोधन प्रयोगशाळेत काम करून, 1947 मधील विवाहानंतर, कमलाबाई सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत अध्यापन करू लागल्या. तेथे त्यांनी कडधान्ये, तांदळाचे पीठ आणि नीरा अशा गरिबाच्या आहारातील पदार्थांची तपासणी केली. नीरेसंबंधीच्या संशोधनाबद्दल त्यांना राष्ट्रपतिपदकही मिळाले. 1998 साली दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळाने त्यांचे निधन झाले. परिषदेचे मुख्यालय अन्सारीनगरात आहे. रामकृष्णपुरम्‌पासून ते फार दूर नाही.

शास्त्राचा हा पाया घेऊन पुन्हा वसाहतीच्या जिन्याकडे वळू. तिसऱ्या मजल्यावर राहणारा पासष्ट किलो वजनाचा एखादा कारकून संध्याकाळी घरी परततो. तळापासून घरापर्यंतची उंची नऊ मीटर धरली, तर देह वर उचलण्याचे प्रत्यक्ष काम सव्वा-दीड उष्मांकापेक्षा अधिक नाही. स्नायूंना मिळालेल्या शक्तीपैकी चार-पाच हिश्श्यांतील एकच हिस्सा कामी येतो, बाकीचा उष्णतेच्या रूपाने जातो. म्हणून खरा खर्च सुमारे सहा उष्मांकांचा. चहाच्या लहान चमचाभर साखरेत सोळा उष्मांक असतात. म्हणजे चमचाभर साखर हा जिना दोन-अडीच वेळा चढविते! तीन पेले चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, एवढ्याने शंभराच्या आसपास उष्मांक जमा होतात. वर्षभर ते शिल्लक पडत राहिले, तर कागदावरच्या हिशेबाने साडेचार किलोंहून अधिक चरबी साठावी. प्रत्यक्षात वजन वाढले की खर्चही वाढतो आणि वाढ पुढे मंदावते. तरीही शिल्लक कोणत्या दिशेने पडत आहे, हे स्पष्ट होते.

मग बसून काम करणाऱ्याचा खर्च होतो तरी कोठे? तो होतो मुख्यतः नुसते जिवंत राहण्यावर. हृदय, फुफ्फुसे, यकृत, मूत्रपिंडे ही रात्रंदिवस काम करतात. किलोमागे तासाला सुमारे एक उष्मांक असा या मूलभूत खर्चाचा ढोबळ दर आहे. पासष्ट किलोंच्या माणसास दिवसाला त्यासाठी सुमारे 1,560 उष्मांक लागतात. अखंड जळणाऱ्या पाऊणशे वॉटच्या दिव्याइतका हा खर्च झाला. मेंदूचे वजन देहाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे, परंतु विश्रांतीच्या वेळच्या खर्चाचा पाचवा हिस्सा तो एकटाच घेतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांनुसार बैठे काम करणाऱ्या पासष्ट किलोंच्या पुरुषास दिवसाला 2,110 उष्मांक पुरेसे आहेत.

याच दिल्लीत, एखाद्या नव्या इमारतीच्या कामावर, एक मजूर बाई डोक्यावर आठ विटा घेऊन तीन मजले चढत असते. तिचे वजन पन्नास किलो आणि विटांचे चोवीस किलो धरले, तर एका खेपेस सात-आठ उष्मांक खर्च होतात. साठ खेपा झाल्या की साडेचारशेच्या आसपास. उतरण्याचा खर्च निराळा, घरी जाऊन पाणी भरण्याचा आणि स्वयंपाकाचा त्याहून निराळा. त्याच प्रमाणांनुसार कष्टाचे काम करणाऱ्या पंचावन्न किलोंच्या स्त्रीस दिवसाला 2,720 उष्मांक हवेत, म्हणजे त्या बैठ्या पुरुषापेक्षा सहाशेंनी अधिक. प्रत्यक्षात दोघांची ताटे शेजारी ठेवली, तर कोणते ताट अधिक भरलेले दिसेल, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही. घरोघरची जुनी रीतही अशीच की, बाईने सर्वांच्या मागून जेवावे आणि उरले असेल ते वाढून घ्यावे. देहाचा जमाखर्च मात्र ही रीत जाणत नाही. जमा कमी पडली की तो प्रथम ठेवीला हात घालतो, आणि ठेव संपली की स्नायूंच्या प्रथिनांनाच इंधन करतो. घराच्या तुळया काढून चूल पेटविण्यासारखेच ते आहे.

उष्मांकांची भरती झाली तरी बांधकामाच्या मालाचे खाते स्वतंत्र राहते. प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांपैकी नऊ अन्नातूनच मिळावी लागतात. गहू-तांदळात लायसिन हे आम्ल कमी असते, परंतु डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिनची जी उणीव, ती धान्ये भरून काढतात. वरणभात, आमटीभाकरी, भाजणीचे थालीपीठ, पुरणपोळी या जोड्या कोणा प्रयोगशाळेने जमविलेल्या नाहीत. अनुभवाने जमलेल्या त्या जोड्यांचे मर्म पुढे शास्त्राने उलगडून दाखविले. गरीब ताटातून सर्वांत आधी नाहीशी होते ती डाळ, आणि त्याबरोबर ही जोडीही मोडते.

शेवटचे खाते लोखंडाचे. प्रौढ माणसाच्या सर्व देहात मिळून ते तीन-चार ग्रॅमच असते, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे. त्याचा मोठा हिस्सा रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये राहून प्राणवायू वाहतो आणि थोडासा हिस्सा सायटोक्रोमांसारख्या दुव्यांत बसून त्या प्राणवायूचा उपयोग करून घेतो. आणणारे आणि वापरणारे, दोन्ही लोखंडाचेच धनी. देह या धातूबाबत अत्यंत काटकसरी आहे. मेलेल्या तांबड्या पेशींतील लोखंड तो पुन्हा वापरतो आणि अन्नातून रोज एक-दोन मिलिग्रॅमच घेतो. परंतु मासिक पाळी, गर्भारपण आणि बाळंतपण यांमुळे स्त्रीच्या खात्यातून जास्तीची रक्कम जात असते. ती भरून निघाली नाही, की पंडुरोग येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या शंभरापैकी 57 भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पाच वर्षांखालील मुलांत हेच प्रमाण शंभरात 67 होते. याचे कारण प्रत्येक वेळी लोखंडाची उणीवच असते असे नाही, परंतु ते एक प्रमुख कारण खचित आहे. अशी स्त्री जिना चढताना धापा टाकते, तेव्हा तिला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. तिच्या चुलीत सरपण असेल, पण हवा पोहोचत नाही.

उपाय पुष्कळदा हाताशी असतो. डाळी व पालेभाज्यांतील लोखंड सहजी शोषले जात नाही, परंतु त्याबरोबर ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते अधिक प्रमाणात देहात येते. वरणभातावर लिंबाची फोड पिळण्याची रीत, पानात वाढलेला आवळा, कोशिंबिरीतील कच्चा कोबी यांचे मोल येथे कळते. उलट जेवणाबरोबरच चहा घेतल्यास तो या शोषणात अडथळा आणतो. तासभर थांबून घेतलेला चहा कमी नुकसान करतो. दुखणे वाढले असेल, तर मात्र लिंबावर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी करून औषध घेतले पाहिजे.

संध्याकाळी जिन्याजिन्यातून पुन्हा फोडण्यांचे वास येऊ लागतात. जेवणारे कोणत्याही प्रांताचे असोत, पोळीचा घास सर्वांच्या देहात त्याच पायऱ्या उतरतो, त्याच नाण्यात मोडला जातो, त्याच लोखंडाच्या हातून पुढे सोपविला जातो. हा व्यवहार प्रत्येक पेशी प्रामाणिकपणे करते. तिच्या हाती नसते ती एकच गोष्ट, ताटात काय पडावे. ते ठरविणे घराच्या आणि समाजाच्या हाती आहे. ज्याचा खर्च अधिक, त्याच्या ताटात अधिक, आणि जी सर्वांना वाढते तिच्याही ताटात पुरेसे, एवढा साधा न्याय पाळला गेला, तर देहाच्या खतावणीतील पुष्कळशी तूट आपोआप भरून येईल.